भाकरतुकडा, परत एकदा

पहिल्यांदा

गाडी बोळाच्या तोंडाशीच थांबवावी लागली. पुढे कुणाच्या तरी घराचं काम निघालं होतं आणि वाळूचा ढीग अर्ध्या रस्त्यात आला होता. नागेश म्हणाला, ताई, उचलून नेऊ का. मी म्हणाले, मी काय पोतं आहे. तो हसला नाही.

नागेश माझा धाकटा भाऊ. सोलापूरच्या दवाखान्यातून तो मला बार्शीला, आईच्या घरी आणत होता. त्याच्या एका हातात माझी पिशवी होती आणि दुसऱ्या हाताचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. तो हात मध्येच माझ्या पाठीशी यायचा, मध्येच खिशात जायचा. बाळाला मीच घेणार, तुम्ही कुणी हात लावायचा नाही, असं त्याने मला सातव्या महिन्यात बजावून ठेवलं होतं.

आई दारात उभी होती. डोळ्यांवर काळा चष्मा. मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, म्हणून तिला सोलापूरला येता आलं नव्हतं. प्रवास नाही, खाली वाकायचं नाही आणि रडायचं तर अजिबात नाही, असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तिच्या एका हातात ज्वारीच्या भाकरीचा तुकडा होता, दुसऱ्या हातात तांब्या. बाळंतीण घरी आली की आमच्याकडे तिला उंबऱ्याबाहेर थांबवतात. तिच्यावरून आणि बाळावरून भाकरतुकडा ओवाळून टाकतात, पायांवर पाणी घालतात, आणि मग आत घेतात. येताना वाटेतलं जे काही बरोबर आलं असेल ते बाहेरच राहावं म्हणून.

आईला सगळं फोनवर कळलेलं होतं. तरी तिने भाकरी आणि पाणी तयार ठेवलं होतं. बाळ नसलं तरी बाळंतीण होतीच ना.

पण मी समोर आले आणि ती ओवाळायचं विसरली. तांब्या कलला, पाणी तिच्याच पायांवर गेलं. तिने चष्मा काढला. ऑपरेशनचा डोळा लालभडक होता. भाकरी धरलेल्या हातानेच तिने माझं तोंड धरलं. भाकरी माझ्या गालावर कुस्करली, तिचा चुरा मानेवरून ब्लाउजमध्ये गेला. ती म्हणाली, "पमे."

मी म्हणाले, "हं."

"कुणावर गेला—"

आणि आतल्या स्टुलावरच्या फोनमधून आवाज आला. खण्ण. पितळी ताटात नाणं पडावं तसा.

आईची मान वळली. पाळण्यातून आवाज आल्यावर बाईची वळते, तशी.

एवढंच झालं. ती लगेच परत माझ्याकडे वळली, मला धरून आत घेऊन गेली, खुर्चीवर बसवलं, पाठीला उशी दिली. पण ते वाक्य तिथे उंबऱ्यावरच राहिलं. मी त्याची वाट बघत बसले. सोलापुरात नर्सने सांगितलं होतं, बघू नका, त्रास होईल. माझ्या नवऱ्याने, श्रीधरने, बाळाला गुंडाळलेलंच उचललं आणि नेलं. परत आल्यावर त्याने मला काही विचारलं नाही, मी त्याला काही विचारलं नाही, आणि कामावर हजर व्हायचं म्हणून तो पुण्याला गेला. नागेश गाडीत सगळा वेळ रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दल बोलत होता. बाळाचं तोंड फक्त मी पाहिलं होतं. ते मी आईला सांगणार होते. आई विचारेल म्हणून तेवढं मी जपून आणलं होतं.

*

हे यात नाही

'यात' म्हणजे व्हिडिओत. व्हिडिओ पुढे येतो. जे त्यात नाही ते आधी सांगते, कारण नंतर कुणी ऐकत नाही.

ते एक ॲप होतं. आता बंद पडलंय, नाव घेण्यात अर्थ नाही. तुम्ही काहीतरी टाकायचं, लोकांनी ते पाहिलं की खण्ण वाजून तुम्हाला नाणी मिळायची, आणि पुरेशी साठली की त्यांचे रुपये होऊन खात्यात यायचे. वरच्या मजल्यावरच्या हेमाने ते आईच्या फोनमध्ये घालून दिलं. बाबा जाऊन वर्ष झालं होतं. मी सासरी, नागेश दिवसभर दुकानात. आई उखळात शेंगाची चटणी कुटायची आणि चव कशी झाली ते सांगायला घरात कुणी नसायचं.

पहिल्यांदा तिने तीच चटणी टाकली. कुणी बघितली नाही. मग एकदा लोणच्याची बरणी उतरवताना हातातून निसटली, बरणी वाचली पण आईच्या तोंडून जी शिवी गेली ती फोनमध्ये पकडली गेली. हेमा म्हणाली, टाका हो काकू, मजा आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी दूध यायच्या आधी आईचा मला फोन. पमे, पगार झाला.

पगार हा तिचाच शब्द. बाबा मिलमध्ये होते. आमच्या घरात तो शब्द एकाच माणसाचा होता, आणि तो ज्या दिवशी व्हायचा त्या दिवशी त्या माणसाला गरम भाकरी आधी मिळायची. आईने आयुष्यभर कुटलं, दळलं, लिंपलं, रडली, हसली, आणि यातल्या एकाही गोष्टीचा पगार असतो हे तिला साठीला आल्यावर कळलं. तिने पेढे वाटले. आलेल्या पैशांपेक्षा पेढे महाग पडले असतील. मी तिला फोन उभा करायचा स्टँड घेऊन दिला. मला अभिमान वाटला होता, ते खोटं सांगणार नाही.

मग ती शिव्या द्यायला लागली. त्या कुणी पाहिल्या नाहीत. मग एक दिवस कपडे वाळत घालताना बाबांचा जुना सदरा हातात आला आणि ती काहीतरी बोलली, तो व्हिडिओ गावभर झाला. पुढचा महिनाभर ती सदऱ्याविषयी बोलत राहिली. खण्ण झालंच नाही. पुढे कुठल्याशा मांजराने केलं. कशाला नाणी पडतील हे तिला कधीच कळलं नाही, आणि कळत नव्हतं म्हणूनच ती सगळं टाकायला लागली. पोळी फुगली, टाक. नळाला पाणी आलं, टाक. जेवताना फोन ताटासमोर उभा. नागेश चिडला तर म्हणायची, तू दुकानातून मध्येच उठून येतोस का? हे माझं काम आहे. नुसता नाद असता तर त्याने तोडला असता. कामावरून माणसाला कसं उठवणार.

त्यात मला दिवस राहिले.

आमच्यात एक आहे. मूल जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी काही शिवायचं नाही, विकत आणायचं नाही, पाळणा बांधायचा नाही. जन्मलं की मग आजीच्या जुन्या लुगड्याची झबली होतात, तोवर कपाट रिकामं ठेवायचं. आईने हे दोन पोरांच्या वेळी पाळलं होतं आणि गल्लीतल्या सगळ्या पोरींना पाळायला लावलं होतं.

एका दुपारी तिने फोनसमोर जुन्या इरकली लुगड्याचा तुकडा मांडीवर घेतला आणि म्हणाली, ही आमच्या येणाऱ्या पाहुण्याची कुंची. डोक्यावर टोपीसारखी बसते आणि खाली पाठीवर येते ती, तान्ह्या मुलाची. तिने नुसती कात्री लावली होती.

त्या दिवशी फोन दिवसभर वाजत होता म्हणे.

मग रोज थोडं. काठ लावला. गोंडा केला. अस्तर लावलं. कुणी कोल्हापूरहून लिही, कुणी दुबईहून लिही, आजी, बाळ कधी? मी एकदा फोनवर म्हणाले, आई, आधी शिवू नये म्हणतेस ना तूच. ती म्हणाली, अगं, पूर्ण कुठे करतेय. शेवटचा टाका ठेवलाय की.

*

दुसऱ्यांदा

चहा झाला. मी अर्धा प्याले. नागेश गाडीवाल्याला सोडायला, गाडीत राहिलेली पिशवी आणायला गेला होता. आई माझ्या शेजारी बसली होती, माझा हात तिच्या हातात होता, आणि मी वाट बघत होते. कुणावर गेला होता. मला सगळं पाठ होतं, सुरुवात कुठून करायची तेही.

आई म्हणाली, "पमे, एकदा बाहेर जाऊन येतेस का?"

मला वाटलं, मी नीट ऐकलं नाही.

"भाकरतुकडा राहिला की," ती म्हणाली. "तशीच आत आलीस. बरं नसतं ते."

खरंच राहिला होता. मी उठले. टाके ओढत होते, भिंतीला धरून दारापर्यंत गेले, चप्पल घातली, बाहेर पायरीवर उतरले. समोरच्या घराच्या गच्चीवर कुणीतरी पापड घातले होते. मी वळले.

आई दारात होती. हातात नवा तुकडा, नवा भरलेला तांब्या. डोळ्यांवर चष्मा नव्हता. तिच्या मागे, जरा बाजूला, स्टुलावर मी घेऊन दिलेला स्टँड होता आणि त्यात फोन.

"ये," ती म्हणाली. तिचा नेहमीचा आवाज नव्हता. थोडा वरचा होता, शेवट लांबवलेला. "ये गं माझी बाय ती."

तिने मला आयुष्यात कधी बाय म्हटलं नव्हतं.

मी आले. ती ओवाळू लागली. एकदा ओवाळलं, दुसऱ्यांदा ओवाळताना तिचा हात हवेतच थांबला. ती मागे वळून पडद्यात बघत होती.

"हात दिसतायत गं," ती म्हणाली.

"कुणाचे?"

"तुझे."

मी माझ्या हातांकडे पाहिलं. रिकामेच बाजूला लोंबत होते.

नागेश तेवढ्यात परत आला. त्याने बोळातूनच सगळं पाहिलं होतं. पिशवी त्याने पायरीवर टाकली आणि आईला म्हणाला, तुला काही लाज? आई म्हणाली, तू मध्ये पडू नकोस. तो म्हणाला, ही दवाखान्यातून येतेय. आई म्हणाली, मला काय दिसत नाही? तो म्हणाला, एका डोळ्याने काय दिसणार, दुसरा तिकडे लावून बसलीयेस. मग तो जे बोलला ते मी लिहीत नाही. आई तांब्या हातात धरून ऐकत राहिली. त्याचं बोलून झाल्यावर तो उलट्या पावली बोळातून निघून गेला.

मी पायरीवर बसले. आई माझ्याजवळ वाकायला गेली, वाकायचं नाही हे आठवून तशीच उभी राहिली.

"सांगून टाक की लोकांना," मी म्हणाले. "झालं ते सांगून टाक. वाईट वाटेल त्यांना, एक दिवस. मग संपेल."

"कसं सांगू?"

"जसं झालं तसं."

फोन स्टँडमधून काढून तिने माझ्यासमोर धरला. आजी, बाळ आलं का. आजी, नातू की नात. आजी, आम्ही रोज बघतोय. आजी, देव तुमच्या पोरीला सुखरूप ठेवो. एकामागून एक. अनोळखी लोक होते, त्यांच्या नावांच्या जागी फुलं नि देवांचे फोटो. मी वाचत गेले. सोलापूरच्या दवाखान्यात मला कुणीही इतक्या वेळा त्याच्याविषयी विचारलं नव्हतं.

"एवढे जण वाट बघतायत त्याची," आई म्हणाली.

*

तिसऱ्यांदा

फोन परत स्टँडमध्ये लावून ती आत गेली. कपाटाचं दार वाजलं. बाहेर आली तेव्हा तिच्या हातात गाठोडं होतं. आत छोटी गोधडी गुंडाळलेली, वरून कुंची. इरकलीचा काठ, लाल गोंडा. गोधडी इतकी नीट गुंडाळलेली होती की एका टोकाला डोकं असावं अशी गोलाई आली होती. ती आत्ता, एवढ्यात गुंडाळलेली नव्हती, हे मला दिसलं. मी सोलापूरहून निघायच्या आधीच तिने ती गुंडाळून ठेवली असणार.

"आई, नको."

"एकदाच."

"आई."

"तोंड दाखवायचं नसतंच," ती हळू म्हणाली. "सव्वा महिना कुणीच दाखवत नाही. दृष्ट लागते. कोण विचारणार आहे?"

खरं होतं. कुणी विचारलं नसतं. आमच्या माणसांत तान्ह्याचं तोंड बघायला मागणं हाच आगाऊपणा. जगात इतर कुठे ही गोष्ट अर्ध्या दिवसात उघडी पडली असती. आमच्याकडे ती खपणार होती, कारण तसं शिकवूनच आम्हाला वाढवलेलं होतं.

मी नाही म्हणणार होते. शब्द तोंडात होता. पण तिने ते गाठोडं माझ्या हातात ठेवून दिलं होतं.

हात आपोआप वळला. कोपरात खोबण झाली, दुसरा तळवा खालून आला. मला कुणी शिकवलं नव्हतं. गोधडी हलकी होती, त्याच्यापेक्षा हलकी. त्याचं वजन मला माहीत होतं, थोडा वेळ का होईना, मी तो धरला होता. आणि छातीत काहीतरी तटतटलं आणि पुढचा पदर भिजला. दूध आलं. गोधडीला.

मी तशीच उठले, बोळात चार पावलं मागे गेले, वळले आणि चालत आले.

आई दारात होती. मी उंबऱ्यापाशी थांबले. तिने भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला. मग गाठोड्यावरून ओवाळला. तिचे ओठ हलत होते. इडा पिडा टळो इतकं मोठ्याने म्हणून झाल्यावरही ते हलत होते, अगदी बारीक, मलाच ऐकू येईल इतके. तिच्या ऑपरेशनच्या डोळ्यातून पाणी आलं. रडायचं नाही म्हणून सांगितलेला तो डोळा. तिने तुकडा एकदा डावीकडे टाकला, एकदा उजवीकडे. माझ्या पायांवर पाणी घातलं. ओल्या बोटाने माझ्या डोळ्यांना पाणी लावलं, मग बोट कुंचीच्या आत नेलं, जिथे डोळे असते तिथे लावलं.

मी उंबरा ओलांडला.

आईने पदराने डोळा टिपला, फोनकडे वळली आणि मला म्हणाली, "आलं का गं सगळं? पाय आले का?"

*

व्हिडिओत एवढं आहे

एक बाई दारात उभी आहे. बोळातून तिची मुलगी येते, हातात बाळ, बाळाचं तोंड झाकलेलं. मुलीच्या पदरावर ओला डाग. आजी ओवाळते, रडते, काहीतरी पुटपुटते. पुटपुटणं ऐकू येत नाही, वर अंगाईचं संगीत घातलंय. मुलगी आत येते. संपलं.

खाली लोकांनी लिहिलं होतं. आजीचे अश्रू खरे आहेत. आजी मंत्र म्हणतायत, कोणता आहे सांगा. एका बाईने लिहिलं होतं, बाळंतिणीला दूध भरपूर आहे, बाळ नशीबवान.

हे सगळं मी पुण्याला वाचलं. बार्शीत मी जेमतेम थोडे दिवस राहिले. त्या दिवसांत फोन वाजतच होता. खण्ण, खण्ण, आईला जेवायला वेळ मिळत नव्हता. ती मला मेथीचे लाडू करून घालत होती, शेक देत होती, अंगाला तेल लावत होती. बाळंतिणीचं एकही करणं तिने चुकवलं नाही. फक्त तेवढं विचारलं नाही. मी एकदा स्वतःहून सुरुवात केली. म्हणाले, आई, त्याचं कपाळ... तिने तेलाची वाटी खाली ठेवली आणि म्हणाली, पाणी उतू जातंय वाटतं. चुलीवर पाणी नव्हतं.

नागेशने मला गाडीत बसवलं. आई दारापर्यंत आली. पुन्हा येईन असं मी म्हटलं नाही आणि तिनेही म्हणवून घेतलं नाही.

पुढे श्रीधरला त्याच्या ऑफिसातल्या एकाने पेढे मागितले. बायकोने व्हिडिओ दाखवला म्हणाला, सांगितलं नाहीस लेका. श्रीधर घरी आला, बूट काढले, आणि बूट हातात धरूनच कितीतरी वेळ बसला. मग मला विचारलं, तुला माहीत होतं? मी म्हणाले, त्यात मीच आहे. त्यानंतर आमच्या घरात बार्शीचं नाव निघालं नाही.

आणि आईला आता थांबता येत नव्हतं. घरी आलेलं बाळ मोठं व्हावं लागतं. तिने बारशाची घुगरी दाखवली, पाळणा मात्र नुसता पाठीमागून. दुपटं दाखवलं. मग झबलं, आधीच्यापेक्षा मोठं. बोरन्हाणाला चुरमुऱ्यांची परात. पहिले बूट. लोकरीचा स्वेटर, बाही लांब होत जाणारा. तोंड नाही. एकदाही नाही. आजीने दृष्टीची धास्ती घेतलीय असं लोक प्रेमाने म्हणायचे. मी हे बघत नसे असं सांगायला आवडलं असतं. मी बघत असे. सकाळी उठल्या उठल्या. आज किती मोठा झाला ते.

मला वाटायचं, नाण्यांसाठी चाललंय. नागेशलाही तेच वाटायचं. माणूस किती खाली जातं बघ ताई, असं तो म्हणायचा.

मग त्या ॲपने नाणी देणं बंद केलं. एका सकाळी सूचना आली आणि संपलं. वरच्या हेमाने त्याच आठवड्यात सगळं काढून टाकलं, म्हणाली, फुकट कोण नाचणार. नागेशने मला फोन केला, किती दिवसांनी त्याचा आवाज हलका होता. म्हणाला, सुटली एकदाची.

दुसऱ्या दिवशी मी उघडून पाहिलं. आईने एका पाटीवर 'अ' काढला होता. गिरवलेला, वाकडा, मुलांच्या हाताचा वाटावा असा. कुणी बघत नव्हतं. खण्ण व्हायचं नव्हतं. ती टाकत राहिली. पाटी, दप्तर, पावसाळी बूट. शेवटी ॲपच बंद पडलं, आणि त्यातलं जे होतं ते सगळं त्याबरोबर गेलं. तो व्हिडिओही. आता तो कुठेच नाही. मी शोधून पाहिलाय.

*

शेवटची वेळ

नागेश म्हणाला, ती फारसं बोलत नाही आता, एकदा येऊन जा. मी एकटी गेले. बसने. बोळातलं ते बांधकाम केव्हाच पूर्ण होऊन त्याला दुसरा मजला चढला होता.

मी येणार हे तिला नागेशने सांगितलं असणार. ती दारात उभी होती. बारीक झाली होती. हातात भाकरतुकडा, तांब्या. मी तिच्या मागे पाहिलं. सवयीने. स्टूल होतं, त्यावर औषधांची पिशवी होती. फोन नव्हता. नागेश नंतर म्हणाला, तिने तो कधीच देऊन टाकलाय.

मी उंबऱ्यापाशी थांबले.

त्या दिवशी, तिसऱ्यांदा, ती काय पुटपुटत होती ते मी कुणाला सांगितलेलं नाही. मंत्र नव्हता. ती म्हणत होती, मी आधी शिवलं रे देवा. माझं चुकलं. जगाला दाखवत सुटले. माझ्या पोराला नको काही करू, याला घरात येऊ दे. एवढं ती म्हणाली, आणि मग वळून विचारलं, पाय आले का. या दोन्ही गोष्टी तिने एका श्वासात केल्या. यातली एक खरी आणि दुसरी खोटी असं मी पुष्कळ वर्षं ठरवत राहिले, कधी ही खरी, कधी ती. आता ठरवत नाही.

आईने भाकरतुकडा माझ्यावरून ओवाळला. डोक्यावरून, खांद्यांवरून, खाली पायांपर्यंत.

मग तिचा हात बाजूला गेला. माझ्या डाव्या अंगाला, जिथे कुणी नव्हतं. तिथे तो कमरेइतक्या उंचीवर थांबला आणि गोल फिरला. शाळेत जायच्या वयाच्या मुलाचं डोकं असतं तेवढ्या उंचीवर. तिने नीट तीनदा ओवाळलं. तुकडा टाकला. माझ्या पायांवर पाणी घातलं, मग शेजारी, फरशीवर, थोडं कमी.

बोट ओलं करून ती थांबली. माझ्याकडे बघितलं.

"कुणावर गेला होता गं?" ती म्हणाली.

मला सुरुवात कुठून करायची ते पाठ होतं. इतकी वर्षं पाठ होतं.

"कपाळ तुझं होतं," मी म्हणाले. "हनुवटी श्रीधरची. केस खूप होते. ओले होते, काळे. कान बाबांसारखे, बाहेर आलेले. डोळे मिटलेले होते म्हणून ते नाही सांगता येत."

ती मान हलवत गेली, एकेका गोष्टीला. कान म्हटल्यावर थोडी हसली. तिचं बोट अजून ओलंच होतं. मग तिने ते खाली नेलं आणि हवेत, दोन ठिकाणी, हलकेच टेकवलं.

"या," ती म्हणाली, आणि दारातून बाजूला झाली.

मी आधी आत गेले नाही. थोडी सरकले. ते दार अरुंद आहे, दोघांना एकदम जाता येत नाही.